विमानाच्या मॉडेलमधले चालते दिवे: कुठला, कधी आणि किती मंद?

रनवे_२७

मॉडेलमध्ये दिवे बसवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. तांदळाच्या कणीहून लहान एलईडी, बारीक तार आधीच जोडलेले, घरपोच मिळतात. तरीही दिवे लावलेली बरीच मॉडेलं बघताना मला खटकतं. सगळे दिवे एकदम चालू, सगळे डोळ्यांत जाणारे आणि सगळे एकाच तालात उघडझाप करणारे. खऱ्या विमानाचे दिवे असे वागत नाहीत. घाटकोपरवरून मुंबईच्या २७ धावपट्टीवर उतरणारं विमान आणि गेटवर उभं असलेलं विमान यांचे दिवे वेगळे असतात. नुसत्या दिव्यांवरून विमान त्या घडीला काय करतंय ते ओळखता येतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी एक क्षण ठरवा. विमान गेटवर आहे, टॅक्सी करतंय की धावपट्टीवर उभं आहे? त्या क्षणी जे दिवे चालू असतात तेवढेच मॉडेलमध्ये चालू ठेवा.

सध्या १/१४४ मापाचं एअरबस ए३२० हे प्रवासी विमान करतोय. शार्कलेटवाल्या (वर वळलेल्या पंखटोकांच्या) ए३२०ची खरी पंखझेप ३५.८ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम २५ सेंटिमीटर. मी टॅक्सीचा क्षण निवडलाय. डाव्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा, शेपटीच्या टोकाला पांढरा, धडाच्या वर आणि खाली उघडझाप करणारा लाल बीकन, पुढच्या चाकाच्या दांड्यावर टॅक्सी लाइट आणि उभ्या शेपटीवर पडणारा लोगो लाइट. स्ट्रोब, म्हणजे पंखांच्या टोकांचे आणि शेपटीचे चमकणारे पांढरे दिवे, बसवलेत, पण ते वेगळ्या बटणावर आहेत आणि एरवी बंदच राहतील.

दुसरी गोष्ट तेजाची. माप १/१४४ धरलं तर प्रकाशही त्याच मापात नको का? एलईडीच्या माहितीपत्रकात २० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं म्हणून तेवढं देऊ नका. नॅव्हिगेशन दिव्याला (टोकांचे लाल-हिरवा आणि शेपटीचा पांढरा) १ मिलिअँपिअरही पुष्कळ होतो. खोलीतला दिवा चालू असताना "हो, लागलाय" एवढं कळलं की झालं.

हिशोब सोपा आहे. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि हव्या त्या करंटने भागा. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, पांढरा आणि आजकालचा चकचकीत हिरवा ३ च्या आसपास. मोबाइलच्या चार्जरचे ५ व्होल्ट धरले आणि २ मिलिअँपिअर हवे असले तर लालला १५०० ओहम, पांढऱ्याला १००० ओहम. १ मिलिअँपिअरला दुप्पट.

तुमचे अनुभव, सर्किटं, अडचणी इथे लिहा.

निळी_शाई

उत्तम धागा. पण स्ट्रोब बंद ठेवायचे हे काही पटलं नाही. घरी कोणी आलं की लहान मुलं पहिल्यांदा त्या चमकणाऱ्या दिव्यांकडेच धावतात. त्यांचा आनंद कशाला हिरावून घ्यायचा?

रनवे_२७

@निळी_शाई, म्हणून तर वेगळं बटण. मुलं आली की विमान धावपट्टीवर आणायचं, म्हणजे स्ट्रोब आणि लँडिंग लाइट दोन्ही चालू करायचे आणि टॅक्सी लाइटच्या जोडीला टेकऑफ लाइट लावायचा. मुलांना हे सांगितलं की फार आवडतं. "आता गेटवर", "आता निघालं" असं म्हणत तीच बटणं दाबतात.

हँगर_पाच

मी विमान देखभालीत काम करतो. ए३२०बद्दल थोडी भर घालतो, मॉडेल करणाऱ्यांना उपयोग होईल.

नॅव्हिगेशन आणि लोगो लाइट एकाच बटणावर असतात. पण लोगो लाइट हवेत कायम चालू राहत नाहीत. विमान जमिनीवर असेल, म्हणजे मुख्य चाकांचे दांडे दबलेले असतील, किंवा पंखाच्या पुढच्या कडेचे स्लॅट बाहेर आलेले असतील तेव्हाच ते लागतात. म्हणजे ज्यांना चाकं मिटलेलं, स्लॅट आत घेतलेलं, स्टँडवर उडतं मॉडेल करायचंय, त्यांनी लोगो लाइट लावूच नये.

स्ट्रोबच्या बटणाला 'ऑटो' अशी एक स्थिती आहे. त्यात जमिनीवर स्ट्रोब बंद राहतात आणि चाकांनी जमीन सोडली की आपोआप सुरू होतात. धावपट्टीवर जाताना वैमानिक ते 'ऑन' करतात. नाकाकडचे टॅक्सी आणि टेकऑफ लाइट पुढच्या चाकाच्या दांड्यावर असतात आणि चाक आत गेलं की तेही विझतात.

बीकन म्हणजे इशारा: इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे, लांब राहा. जमिनीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यामुळे इंजिनाची झाकणं उघडी, शिडी लावलेली, मेकॅनिक उभा, असं दृश्य करून वर बीकन चमकवू नका. आमच्या डोळ्यांना ते सहन होत नाही.

ए३२०चा स्ट्रोब पाठोपाठ दोनदा चमकतो आणि मग थांबतो. बोइंग ७३७चा एकदाच. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून लांबच्या विमानातला फरक यावरून ओळखता येतो. मॉडेलमध्ये हे जमलं तर जाणकार तिथेच थांबून बघतो.

रनवे_२७

@हँगर_पाच, लोगो आणि स्लॅटचं हे मला ठाऊक नव्हतं. फार मोलाची माहिती दिलीत. एका मिनिटात किती वेळा चमकावं याचा काही नियम आहे का?

हँगर_पाच

आहे. धडक टाळण्यासाठीच्या दिव्यांना, म्हणजे बीकन आणि स्ट्रोबना, मिनिटाला ४० ते १०० ही मर्यादा आहे. दोन दिवे एकत्र दिसतात त्या भागात १०० च्या वर चालतं, पण १८० च्या पुढे नाही. बीकन आणि स्ट्रोब एका तालात बांधलेले नसतात. मॉडेलमध्येही दोघांचं टायमिंग थोडं वेगळं ठेवा, म्हणजे ते कधी एकत्र येतील, कधी सुटतील. खरं तसंच दिसतं.

मिरकरवाडा

आम्ही रत्नागिरीचे, बंदरावर वाढलेले. डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा हे विमानांनी जहाजांकडून घेतलंय. कोनसुद्धा जवळजवळ तेच आहेत. जहाजाचा बाजूचा दिवा नाकासमोरून ११२.५ अंशांपर्यंत दिसतो, मागचा १३५ अंशांत. विमानात बाजूचे ११० आणि मागचा १४०. दोन्हीकडे बेरीज ३६०.

मॉडेलवाले इकडे लक्ष देत नाहीत. लाल एलईडी पंखाच्या टोकाला नुसता चिकटवला की तो मागूनही दिसतो, वरूनही दिसतो. समोरून बघितलं तर लाल-हिरवा दोन्ही दिसायला हवेत, बरोबर मागून बघितलं तर फक्त पांढरा. मी एलईडीच्या मागच्या आणि आतल्या बाजूला काळ्या रंगाचे दोन हात देतो, वर पंखाच्या रंगाचा एक. एवढ्याने काम होतं.

अजून एक. नाकात वजन घालायला गळाची शिशाची गोळी वापरत असाल तर ती टेपने गुंडाळा. तारांचे सांधे तिथूनच जातात, शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही.

तांबेतार

तारेबद्दल. ऑनलाइन छोट्या रिळासाठी उगाच पैसे मोजू नका. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मुलामा दिलेली तांब्याची तार वजनावर मिळते. ४२ गेज मागा, ती ०.१ मिलिमीटर भरते. ३८ गेज ०.१५ ची, ती हाताळायला सोपी, पण १/१४४ च्या पंखात जाड वाटते. पुण्यात असाल तर एलईडी, रेझिस्टर, आयसी सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मिळेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला.

तारेवरचा मुलामा दोन तऱ्हांचा असतो. एक सोल्डरच्या उष्णतेने जळून जातो: टोक वितळलेल्या सोल्डरच्या थेंबात धरलं की आपसूक कल्हई होते. दुसरा हट्टी, तो ब्लेडने खरवडावाच लागतो. दुकानातच विचारून घ्या.

एलईडीची मापं अशी: ०८०५ म्हणजे २ बाय १.२५ मिलिमीटर, ०६०३ म्हणजे १.६ बाय ०.८, आणि ०४०२ म्हणजे १ बाय ०.५. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी ०६०३ पासून सुरुवात करावी. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर एलईडी उलटा चिकटवा, दोन्ही पायांवर आधी सोल्डरचा ठिपका द्या, मग कल्हई केलेली तार त्यावर टेकवून क्षणभर गनचं टोक लावा. दोन सेकंदांच्या वर नाही. मल्टिमीटरच्या डायोड स्थितीत लगेच तपासा, बारीक एलईडी त्यावर मंद पेटतो. पंखाचे दोन भाग चिकटवण्याआधी पुन्हा तपासा, चिकटवल्यावर पुन्हा, रंगाच्या आधी पुन्हा. एकदा पंख बंद झाला की आतली तुटलेली तार बाहेर काढता येत नाही.

गच्चीवरून

माझा मुलगा नववीत आहे. त्याला स्ट्रोब करायचाय, पण प्रोग्रॅमिंग येत नाही. ५५५ या टायमर आयसीवर जमेल का? त्याने इंटरनेटवरचं एक सर्किट जोडलंय, त्यात दिवा अर्धा सेकंद चालू, अर्धा सेकंद बंद होतो. तो म्हणतो, "आई, हा तर गाडीचा इंडिकेटर झाला."

तांबेतार

@गच्चीवरून ताई, मुलाची नजर चांगली आहे. नेहमीच्या जोडणीत ५५५चं आउटपुट 'वर' असण्याचा वेळ 'खाली' असण्यापेक्षा कमी होत नाही. म्हणून एलईडी उलटा जोडायचा. आउटपुट आणि जमीन यांच्यामध्ये न लावता, पुरवठ्याच्या धन टोकापासून रेझिस्टर, मग एलईडी आणि मग ३ नंबरचा पाय. आउटपुट 'खाली' गेलं की दिवा लागेल.

आता किमती. पहिला रेझिस्टर (धन टोक ते ७ नंबर) १२० किलोओहम, दुसरा (७ ते ६) ४.७ किलोओहम, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड. 'खाली'चा वेळ ०.६९३ × ४७०० × ०.००००१, म्हणजे सुमारे ३३ मिलिसेकंद. 'वर'चा वेळ सुमारे ८६४ मिलिसेकंद. मिनिटाला साधारण ६७ वेळा चमकेल, म्हणजे हँगरसाहेबांनी सांगितलेल्या मर्यादेत. त्याला हा हिशोब स्वतः करू द्या, नववीच्या मुलाला सहज जमेल.

साधा ५५५ किमान ४.५ व्होल्ट मागतो. तीन पेन्सिल सेल किंवा मोबाइल चार्जर घ्या. बटण सेलवर चालवायचं असेल तर ७५५५ हा कमी व्होल्टेजवर चालणारा भाऊ घ्यावा. आणि सोल्डरिंग खिडकीजवळ, पंखा धूर बाहेर नेईल असा, झाल्यावर हात साबणाने धुवायचे. सोल्डरमध्ये शिसं असतं.

गच्चीवरून

मनापासून आभार. रविवारी करून बघतो म्हणतोय.

अर्धा_पंख

माझी अडचण वेगळी आहे. केबिनच्या आत उबदार पांढरे एलईडी लावले, खिडक्यांतून प्रकाश छान दिसतो, पण अंधार केला की अख्खं धड चमकतं. जोडाची रेघही उजळते.

रनवे_२७

@अर्धा_पंख, पांढरं प्लास्टिक प्रकाश आरपार सोडतंच. धडाच्या आतून आधी काळा रंग, दोन-तीन पातळ हात. तो वाळला की त्यावर पांढरा. काळा प्रकाश अडवतो, पांढरा आतल्या आत परतवतो आणि केबिन एकसारखी उजळते. चांदी रंगही चालतो. काही जण अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात, पण ती वीज वाहते, म्हणून तारा असतील तिथे नको.

खिडक्यांमागे बटर पेपर लावा, नाहीतर प्रत्येक एलईडी वेगळा ठिपका म्हणून दिसतो. जोडाच्या रेघेवर आतून एक प्लास्टिकची पट्टी आडवी चिकटवा आणि तीही काळी करा. बाहेरचा रंग देण्याआधी अंधाऱ्या खोलीत दिवे लावून बघा, गळती तेव्हाच बुजवता येते.

तुमचं धड रंगवून झालंय असं दिसतंय. तसं असेल तर केबिनचा करंट निम्म्याहून कमी करा. गळती पूर्ण जाणार नाही, पण नजरेत भरणार नाही.

मिरकरवाडा

पावसाळ्यात कोकणात असाल तर वरून लॅकर मारू नका, दमट हवेत पांढुरकं येतं. ऊन पडेपर्यंत थांबा.

डाकोटाप्रेमी

मी १/७२ मापाचं डाकोटा हे जुनं वाहतूक विमान करतोय, भारतीय हवाई दलाच्या खुणांची, ऑक्टोबर १९४७ मधली श्रीनगरची. २७ ऑक्टोबरला शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन डाकोटा तिथे उतरल्या, तो काळ. २०१८ मध्ये इंग्लंडहून दुरुस्त होऊन आलेल्या 'परशुराम' या डाकोटावरही व्हीपी ९०५ हाच त्या मोहिमेतला क्रमांक आहे. पंखझेप ४० सेंटिमीटर, जागा भरपूर, म्हणून दिवे लावायचेत. स्ट्रोब कुठे बसवू?

रनवे_२७

कुठेच नाही! १९४७ च्या डाकोटावर चमकणारे पांढरे स्ट्रोब नकोत, ते विमानांवर पुष्कळ नंतर आले. फिरणारा लाल बीकनसुद्धा पुढच्या काळातला. तुम्हाला पंखाच्या टोकांचे दोन, शेपटीचा एक आणि पंखाच्या पुढच्या कडेतल्या काचेआडचे दोन लँडिंग लाइट एवढेच लावायचेत. आणि ते चमकवायचे नाहीत, स्थिर ठेवायचे.

आता रंग. त्या काळातले दिवे तंतूचे, त्यांचा प्रकाश पिवळट. म्हणून उजव्या पंखाची काच नुसती हिरवी नसून निळसर हिरवी असायची. पिवळा प्रकाश तिच्यातून आला की बाहेर हिरवा दिसतो. दिवा बंद असताना काच निळसर दिसते. मॉडेलमध्ये हे हुबेहूब करता येतं: उबदार पांढरा एलईडी घ्या आणि पारदर्शक भागावर तामिया कंपनीच्या पारदर्शक रंगांतला एक्स-२५ हिरवा आणि थोडा एक्स-२३ निळा मिसळून द्या. डावीकडे एक्स-२७ लाल. लँडिंग लाइटलाही उबदार एलईडीच घ्या. थंड निळसर पांढरा एलईडी डाकोटावर लावला की सगळा काळच बिघडतो.

डाकोटाप्रेमी

निळसर काचेचं आज कळलं. जुन्या विमानांच्या रंगीत फोटोंत ती निळी का दिसते हा प्रश्न फार दिवस मनात होता. तुमचं ऐकतो, दिवे स्थिरच ठेवतो.

हँगर_पाच

नंतरच्या नागरी डाकोटा करणाऱ्यांसाठी: जुन्या फिरत्या बीकनमध्ये दिवा विझत नाही, आरसा किंवा दिवा फिरतो. त्यामुळे बघणाऱ्याला प्रकाश चढताना आणि उतरताना दिसतो. एकदम चालू, एकदम बंद असं नको. आजच्या एलईडी बीकनचं मात्र उलट, तो झटक्यात लागतो आणि झटक्यात जातो.

ओझरकर

मी ओझरचा. आमच्या एचएएल कारखान्यात मिग-२१ बनली, लहानपण त्यांच्या आवाजात गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली तेव्हापासून एक मॉडेल तिच्यासाठी करायचं ठरवलंय, १/४८ मापात, आफ्टरबर्नर (जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या नळीत पेटणारी ज्वाळा) पेटलेला. एलईडी कोणत्या रंगाचे आणि फडफड कशी आणायची?

तांबेतार

@ओझरकर, एटीटायनी ८५ वापरा. प्रोग्रॅम करता येणारी आठ पायांची छोटी आयसी, पाच पाय मोकळे मिळतात. तीन एलईडी घ्या: दोन नारिंगी, एक पिवळा. प्रत्येकाचं तेज पीडब्ल्यूएमने (दिवा अतिशय भरभर चालू-बंद करून) सतत थोडंथोडं बदलत ठेवा, पण ६० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. दिवा पूर्ण विझत गेला की शेकोटी दिसते. आफ्टरबर्नरची ज्वाळा दणकट असते, तिच्यात नुसती थरथर हवी. नळीच्या तोंडापासून थोडं आत, घासून धूसर केलेल्या पारदर्शक प्लास्टिकची चकती बसवा, एलईडी तिच्या मागे. आतल्या भिंतीला चांदी रंग.

रनवे_२७

@ओझरकर, एक विनंती. आफ्टरबर्नर पेटलेला असेल तर कॉकपिटमध्ये वैमानिक हवा आणि काच बंद हवी. तोंडावरची लाल झाकणं काढलेली, चाकांखालचे ठोकळे काढलेले. उडतं करणार असाल तर चाकं आत. इतक्या मनापासून करताय, तर तेवढंही सांभाळा. ओझरमध्ये लहानपणी बघितलेली कुठली मिग करताय ते नक्की लिहा.

ओझरकर

पूर्वीची मिग-२१ एफएल. उडती करतो, म्हणजे शेपटीतून पारदर्शक दांडा घालून त्यातूनच तारा नेता येतील. वैमानिकही बसवतो.

निळी_शाई

फायबरबद्दल कोणी लिहिलं नाही. ०.२५ आणि ०.५ मिलिमीटरचा प्लास्टिक ऑप्टिकल फायबर घेतला तर पंखात तार न्यायचीच गरज नाही, एलईडी धडात ठेवता येतो. टोकाजवळ उष्ण वस्तू नेली की ते फुगून गोल होतं, आयती दिव्याची काच तयार. फक्त सुपरग्लू लावू नका, फायबर ठिसूळ होऊन तुटतो आणि वाफेने पारदर्शक भागही धुरकट होतात. फेविकॉल किंवा एपॉक्सी.

तांबेतार

बरोबर. फक्त तीव्र वळण देऊ नका, प्रकाश वळणावरच बाहेर पडतो. शार्कलेटच्या वळणात मी तार पसंत करेन, सरळ पंखात फायबर.

अर्धा_पंख

करंट कमी केला. गळती आता जवळून बघितली तरच दिसते. धन्यवाद! आणखी एक प्रश्न: लाल, हिरवा आणि पांढरा असे तीनही एकाच रेझिस्टरवर जोडले तर फक्त लाल लागतो. बाकीचे खराब आहेत का?

रनवे_२७

खराब नाहीत. लाल २ व्होल्टवरच सुरू होतो आणि सगळा करंट ओढून घेतो, बाकीच्यांना लागणारे ३ व्होल्ट तिथे कधी तयारच होत नाहीत. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. आणि सगळे रेझिस्टर विमानात न ठेवता खालच्या लाकडी बैठकीत ठेवा. विमानातून एक सामाईक तार आणि प्रत्येक दिव्याची एक अशा तारा बाहेर आणा. बैठकीत प्रत्येकाला ४७० ओहमच्या मागे १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावा. मॉडेल जिथे ठेवणार त्याच कपाटात, रात्री घरातला नेहमीचा दिवा लावून, प्रीसेट फिरवत तेज ठरवा. मनासारखं झालं की मल्टिमीटरने मोजून त्या किमतीचा रेझिस्टर कायमचा लावा. हिरवा डोळ्याला नेहमी जास्त तेजस्वी वाटतो, त्याला लालपेक्षा कमी करंट लागेल.

पॉवर बँकेवर चालवू नका. इतका कमी करंट ओढला तर बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलं नाही असं समजून बंद होतात. साधा चार्जर लावा.

हँगर_पाच

@रनवे_२७, शेपटीच्या टोकाला नॅव्हिगेशनच्या पांढऱ्याबरोबर स्ट्रोबही असतो, तो विसरू नका. १/१४४ मध्ये दोन एलईडी मावणार नाहीत.

रनवे_२७

तिथे एकच एलईडी ठेवलाय, दोन रेझिस्टरमधून जोडलेला. मोठा रेझिस्टर कायम चालू, त्यावर तो मंद जळतो. धावपट्टीचं बटण दाबलं की लहान रेझिस्टर एटीटायनीच्या पायावरून जोडला जातो: ५० मिलिसेकंद चालू, १०० बंद, पुन्हा ५० चालू, मग ८०० बंद. मिनिटाला ६० जोड्या. पंखांच्या टोकांचे स्ट्रोबही त्याच पायावर आहेत, त्यामुळे तिन्ही एकदम चमकतात. बीकन दुसऱ्या पायावर, ११०० मिलिसेकंदांनी एकदा. सर्किटचं चित्र हवं असेल त्यांनी सांगा, रेझिस्टरच्या किमती ठरल्या की इथेच टाकतो.